खापरपणजा

अर्पिता हैदराबादहून आली ती खांद्यावरची बॅग न उतरवताच स्वयंपाकघरात शिरली. पंचफुलेला वाटलं, पोर पहाटेच्या गाडीनं सेलूला उतरलीय, भूक लागली असेल. तिनं भाकरीचं टोपलं पुढं सरकवलं. अर्पितानं भाकरीला हात लावला नाही. आत्याच्या पुढ्यातलं तांदळाचं सूप तिनं आपल्याकडं ओढलं आणि खडे निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "आत्या, निकाल आला."

कसला निकाल, ते पंचफुलेच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. उद्या आबांचा, तिच्या वडिलांचा, पहिला स्मृतिदिन होता. भंतेंना आणायला परभणीला गाडी पाठवायची होती, बालाजी बायकापोरांसह दुपारपर्यंत यायचा होता, आणि तिचं सगळं डोकं उद्याच्या खिरीत अडकलं होतं. मग तिला ती नळी आठवली.

आबा असताना, हरभऱ्याच्या दिवसांत, अर्पिता अशीच आली होती. ती शिकत होती त्या प्रयोगशाळेत मराठवाड्यातली माणसं कुठून कुठून आली, कोण कुणात मिसळलं, याचा अभ्यास चालला होता. गावोगावची माणसं लहानशा नळीत थुंकी देत होती. अर्पितानं वालूरात सुरुवात आपल्याच घरापासून केली. आबांनी नळी हातात घेतली आणि कितीतरी वेळ हसत राहिले. म्हणाले, एके काळी आपल्या लोकांच्या थुंकीसाठी गळ्यात मडकं बांधायला लावायचे, आता तीच थुंकी हात जोडून मागायलेत. मग त्यांनी नातीला बजावलं, निकाल आला की पहिल्यांदा मला सांगायचा. दोन महिन्यांत आबाच गेले.

"काय निघालं मंग?" पंचफुलेनं विचारलं.

अर्पितानं सगळं आधी मनात जुळवून आणलं असावं, पण सांगताना तिची गाडी अडखळायला लागली. माणसाच्या अंगात आईबापांकडून आलेलं सगळं मिसळलेलं असतं, पण त्यात एक धागा असा असतो की तो फक्त बापाकडून मुलाला जातो, न तुटता. आबांचा तो धागा इथल्या कुणाशी जुळेना. जुळला तो समुद्रापलीकडच्या, आफ्रिकेच्या पूर्वेच्या लोकांशी. आणि हे फार जुनं नव्हतं. जुनं असतं तर त्याचे अगदी बारीक तुकडे उरले असते. हे तुकडे लांब लांब होते. म्हणजे आबांचे पणजोबा, त्यांच्या आसपासचं कुणीतरी.

"निजामाच्या फौजेत तिकडची माणसं होती, आत्या. काही स्वतः आली, बरीचशी आणली गेली. आपला माणूस त्यांतलाच होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण दुसरी वाट मला दिसत नाही."

"हबशी," पंचफुला म्हणाली.

हा शब्द आपल्या तोंडून बाहेर पडला याचंच तिला नवल वाटलं. हा शब्द तिनं आजवर फक्त ऐकला होता. लग्न होऊन ती पिंगळीला गेली तेव्हा ती केस विंचरायला बसली की सासू दारात येऊन उभी राहायची. पंचफुलेचे केस असे घट्ट कुरळे, की फणी अडकायची आणि तेल कितीही घातलं तरी चापून बसायचे नाहीत. आली बघा हबशीण, सासू म्हणायची, आणि शेजारणी हसायच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता. तो कधी तसं म्हणाला नाही, पण आईला कधी थांब असंही म्हणाला नाही. तीन-चार वर्षांनी त्यानं दुसरी केली आणि पंचफुला वालूरला परत आली. अंगणवाडीत लागली, म्हातारा-म्हातारीजवळ राहिली, डोक्यावरचा पदर तिनं कधी खाली पडू दिला नाही. हबशीण म्हणजे काय, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. शिवी होती ती. शिवीला अर्थ असतो असं तिला वाटलंच नव्हतं. आता ती शिवी खरी निघाली होती, आणि खऱ्या निघालेल्या शिवीचं करायचं काय, ते तिला कळेना.

"म्हंजे हे केस त्याचेच," ती म्हणाली.

अर्पितानं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. तिचे स्वतःचे केसही तसेच. पार्लरात जाऊन ती ते सरळ करून घ्यायची. "तसं सांगता येत नाही, आत्या. इतक्या पिढ्यांत त्याचं फार थोडं उरतं. कुरळे केस इथंही खूप घरांत असतात. आजीकडूनही आलेले असू शकतील."

"तुमच्या मशीनला समुद्रापलीकडचं कळलं आन् येवढं कळंना?"

"नाही कळत."

पंचफुलेला राग आला, पण तो कुणावर काढायचा तेही कळेना. आयुष्यभर जे सोसलं त्याला एक कारण मिळतंय असं वाटलं होतं, आणि ते तिच्या हातात पडायच्या आतच पोरीनं परत घेतलं होतं. तिनं सूप काढून घेतलं आणि म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे, मग सांग सगळ्यांना. अर्पिता म्हणाली, पप्पांनी तीनदा फोन करून विचारलंय, मी त्यांच्याशी खोटं कसं बोलू.

पप्पा म्हणजे धम्मानंद, पंचफुलेचा थोरला भाऊ. सेलूला शाळेत शिक्षक होता, निवृत्त होऊन आता सभांतून बोलायचा. त्याचा विषय ठरलेला होता. आपण या भूमीचे मूळचे लोक, बाकीचे सगळे मागून आले. हे तो इतक्या जीव तोडून सांगायचा की ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. आबांच्या नावाची शिळा त्यानं स्वतः उभं राहून कोरून घेतली होती. विहाराच्या अंगणात ती कापडाखाली झाकून ठेवली होती, उद्या अनावरण होतं. त्यावर लिहिलं होतं, या भूमीचे मूळ सुपुत्र, कालकथित सटवाजी भिवाजी.

दुपारी जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात अर्पितानं सांगितलं. धम्मानंद खुर्चीत होता, त्याची बायको सुकेशनी दारात, आणि नुकताच परभणीहून आलेला बालाजी भिंतीला टेकून. बालाजी सगळ्यांत धाकटा, पाटबंधारे खात्यात कारकून. त्याची लेक नीलम समोरच्या खोलीत उद्याची साडी बघत होती. उद्या सेलूचे पाहुणे येणार होते. कुंडलिकराव नावाचे गृहस्थ, त्यांच्या मुलासाठी नीलमचं चाललं होतं. बोलणी झाली नव्हती, पण कार्यक्रमाला येतो म्हणाले होते, आणि त्यात सगळं आलं.

धम्मानंदनं पहिल्यांदा पोरीची परीक्षाच घेतली. नळ्यांची अदलाबदल झाली असेल का, कुणाचा हात लागला असेल का, मशीन चुकतं का. अर्पितानं शांतपणे उत्तरं दिली. दोनदा तपासलं होतं. आणि एकट्या आबांचंच नव्हतं, पप्पांची नळी होती, काकांची होती, तिघांचा धागा एकच निघाला होता. धम्मानंदचे प्रश्न संपले. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावरून पुढं-मागं फिरत राहिला. पंचफुलेनं भावाला एवढं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी गणित सुटलं नाही की तो चिडायचा. आज तो चिडलाही नाही.

बालाजी मात्र पेटला. त्याला निम्मंच कळलं होतं, आणि निम्मं कळलेलं तो नेहमीच मोठ्यानं बोलायचा. "म्हंजे आपला बाप आपला न्हाई का मंग?" तो म्हणाला. "दुसराच कुनी बाप निघाला म्हनायचं का?"

अर्पितानं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. या वेळी त्याला कळलं, पण कळून तो जास्तच घाबरला. हळू आवाजात त्यानं आपली बाजू मांडली. आपण जात मानत नाही म्हणतो, पण सोयरीक जमवताना सगळे सगळं विचारतात. कुंडलिकरावांच्या बायकोनं नीलमचा फोटो दोनदा मागवला, एकदा घरातला, एकदा उन्हातला. कशासाठी मागवला ते न कळायला आपण लहान नाही. तेव्हा हे या अंगणाच्या बाहेर जाता कामा नये. शिळा आहे तशी उद्या उघडायची आणि गप बसायचं.

सुकेशनी बालाजीच्या बाजूला जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दिराशी तिचं कधी पटलं नव्हतं. पण ती म्हणाली, भाऊजी बरोबर बोलतात, मलाही लेक उजवायचीय. अर्पितानं आईकडं एकदा पाहिलं. मग ती वडिलांकडं वळली. म्हणाली, पप्पा, आईकडून लेकरांना जाणारा वेगळा धागा असतो. आजीचा तो धागा फार जुना आहे, इथलाच, हजारो वर्षांचा.

धम्मानंदनं झटकन मान वर केली. म्हणजे शिळेवरचं खरंच आहे की, तो म्हणाला. बालाजी म्हणाला, शिळेवर नाव आबाचं हाय, मायचं न्हाई. धम्मानंद परत खाली बघायला लागला. अर्पिता म्हणाली, वालूरात जेवढ्यांच्या नळ्या घेतल्या, तेवढ्यांतला एकही माणूस एकाच ठिकाणचा निघाला नाही. नावं सांगायची नसतात, नाहीतर तुम्हाला हसू आलं असतं. पण हसायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मग धम्मानंदनं बहिणीला विचारलं, "फुला, तुला काय वाटतं?"

पंचफुलेच्या डोळ्यांपुढं पिंगळीचं दार आलं, त्यात उभी असलेली सासू, आणि विंचरायला बसलेली ती स्वतः. त्या जागी तिला नीलम दिसली. ती म्हणाली, गप बसावं. बालाजी बरोबर हाय.

विषय तिथं संपला असता. पण चहा द्यायला पंचफुला पुढच्या ओट्यावर गेली तेव्हा तिथली बाज रिकामी होती. माय तिथं नव्हती.

माय म्हणजे सुलाबाई. वय झालेलं, कान मंद. दिवसभर ओट्यावर बसायची, कुणी हाताला धरल्याशिवाय उठायची नाही. पंचफुलेनं घरात बघितलं, न्हाणीत बघितलं. शेजारच्या कडूबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, काठी टेकीत विहाराकडं गेली म्हातारी, रडत होती. आणि मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "फुला, खरं हाय का गं, आबा तुमचे बाप न्हवते म्हनं?"

बालाजीचं मोठ्यानं बोललेलं ते एक वाक्य भिंत ओलांडून गेलं होतं, ओट्यावर मायच्या मंद कानांपर्यंतही. पुढचं-मागचं काही गेलं नव्हतं.

सुलाबाई विहाराच्या पायरीवर बसली होती. उन्हं उतरायला लागली होती. शेजारी कापडात गुंडाळलेली नवऱ्याच्या नावाची शिळा. लेकीला बघून तिनं तोंड फिरवलं.

"माय, घरी चल."

"मी येत न्हाई. माज्या लेकरांचा बाप एकच हाय. नळीत थुकायला लावून तुमी माजी पारख करायलात, मला काय ठावं न्हाई व्हय."

पंचफुला तिच्या पायाशी बसली. असं काही नाही, ती म्हणाली, पण सुलाबाईला ऐकू आलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. ती बोलतच राहिली. ऊसतोडीला जायची, त्या वर्षांचा विषय तिनं काढला. बालाजी पोटात होता, फडात मुकादमानं तिचा हात धरला होता. तिनं कोयता उगारला तशी सगळी टोळी गोळा झाली. मुकादमानं दोघांनाही टोळीतून काढलं. सटवाजीनं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं, खरं काय नि खोटं काय. पोरं कडेवर घेऊन दोघं चालत निघाली होती. "त्या मानसानं मला कवा इचारलं न्हाई," ती म्हणाली, "आन् तुमी आता इचारायलात. त्यो मेल्यावर."

एवढ्यात धम्मानंद धापा टाकत आला. त्यानं आईपुढं बसून समजावायला सुरुवात केली. गुणसूत्रं, पेशी, पितृवंश. शिक्षकाचा आवाज लागला होता त्याला. सुलाबाई प्रत्येक शब्दाला जास्त आक्रसत गेली. तिला एवढंच कळत होतं की शिकलेला लेक अवघड शब्दांत काहीतरी सिद्ध करतोय.

"दादा, तू उगी बस," पंचफुला म्हणाली. उभ्या आयुष्यात ती थोरल्या भावाला असं बोलली नव्हती. तिनं मायचे दोन्ही हात धरले, तोंड तिच्या कानाशी नेलं. "माय, ऐक. नळीनं उलटं सांगितलं. आबाची नळी, दादाची नळी, बालाजीची नळी, तिन्हीत एकच धागा निघाला. तू म्हन्तीस तेच नळी म्हन्ती. ह्यांचा बाप त्योच."

सुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "मंग दुसरा बाप कोन म्हनला बालाजी?"

"आबाचा पंजा. आबाच्या आज्याचा बाप. त्यो इथला न्हवता. लय लांबून आल्ता, समुद्रापल्याडून."

"आबाच्या आज्याचा बाप," सुलाबाई पुटपुटली. तिनं ते बोटांवर मोजून बघितलं, जणू कुणीतरी हिशेबात गडबड करील. मग पदरानं डोळे पुसले. "आन् त्याच्यासाठी मला मेलीला इथवर चालायला लावलंत."

धम्मानंदनं आईला उठवलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला घरी आणलं. वाटेत बायका दारात उभ्या होत्या. पंचफुलेला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कडूबाईंच्या भिंतीवरून निघालेलं वाक्य त्या चेहऱ्यांवर पोचलेलं होतं.

दिवेलागणीला परत सगळे बसले. या वेळी पंचफुला आपण होऊन बोलली. आपण गप बसलो तर गावात एकच गोष्ट राहील, की म्हातारीनं नवऱ्याला फसवलं. नीलमला वाचवायला जाऊ आणि मायला बुडवू. आणि सेलूला ते आज ना उद्या जाईलच, तेव्हा हेच वाईट वाक्य जाईल. त्यापेक्षा आहे ते आपणच सांगावं. बालाजी म्हणाला, दुपारी तर तू माझ्या बाजूनं होतीस. ती म्हणाली, होते, आता न्हाई. सुकेशनी म्हणाली, थोडं थांबून बघू, लोक विसरतील. बालाजीनं उठून चपला घातल्या, आपण नीलमला घेऊन आत्ताच परभणीला जातो म्हणाला. नीलम दारात आली. सगळं तिनं आत बसून ऐकलं होतं. ती म्हणाली, तुमी जा, मी आजीजवळ हाय. बालाजी तसाच अंगणात उभा राहिला, मग चपला काढून परत आत आला.

ठरलं मात्र काहीच नाही. तू उद्या काय बोलणार, असं कुणीतरी धम्मानंदला विचारलं. तो म्हणाला, चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, ऐकीव मानू नका, पडताळून घ्या. पडताळून घ्यायचं म्हणजे असं असतं, हे मला माहीत नव्हतं. मग तो उठून अर्पिताजवळ जाऊन बसला आणि तिला हळू आवाजात काय काय विचारत राहिला. तो माणूस राजीखुशीनं आला असेल का. आपल्या बाईशी त्यानं लग्न केलं असेल की तिच्यावर बळजोरी झाली असेल. ती आपल्या वस्तीतली असेल का. नळीतून हे कळत नाही, अर्पिता दर वेळी म्हणाली. पंचफुला भांडी घासत ऐकत होती. ज्या माणसापायी ती सकाळी चिडली होती, त्याच्याबरोबर आता एक बाईही येऊन उभी राहिली होती, तिचंही तोंड दिसत नव्हतं. चिडावं की दोघांची कीव करावी, ते तिचं तिला ठरवता येईना.

सकाळी विहारासमोर मांडव भरला. परभणीहून भंते आले. कुंडलिकराव आले, पांढरा सदरा, सोबत बायको आणि मुलगा. बालाजीनं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी बसला, गुडघे जुळवून, वर्गात पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा. शिळेवरचं कापड तसंच होतं. धम्मानंदनं लोकांना सांगितलं, कोरायचं थोडं काम राहिलंय, अनावरण पुढं होईल. लोकांनी ते मान्य केलं.

त्रिशरण-पंचशील झालं, परित्राण पाठ झाला. मग भंते म्हणाले, ज्या ज्ञातींना, म्हणजे गेलेल्या नातलगांना, हे पुण्य अर्पण करायचं, त्यांची नावं घ्या. हे काम थोरल्या लेकाचं. धम्मानंदनं माईक हातात घेतला. सुलाबाई पुढं सतरंजीवर, पंचफुलेच्या खांद्याला टेकून बसली होती.

"कालकथित सटवाजी," धम्मानंद म्हणाला. "त्यांचे वडील भिवाजी. त्यांचे वडील रखमाजी."

दर वेळी तो इथं थांबायचा. याच्या वरचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आजही तो थांबला, पण त्यानं माईक खाली ठेवला नाही. मांडव वाट बघत राहिला. माईकवर त्याचा श्वास ऐकू येत होता. पंचफुलेला वाटलं, हा आता बसेल. बसला तर बसला, आपण उठायचं. पण उठून काय बोलायचं, हे तिलाही माहीत नव्हतं.

"रखमाजींचे वडील," धम्मानंद म्हणाला. "ते आफ्रिकेतून आले होते. आम्हाला हे काल कळलं. माझ्या वडिलांच्या, माझ्या आणि माझ्या भावाच्या रक्तातून कळलं, कारण आम्ही तिघं एकाच वेलाचे आहोत. मी तुम्हाला पुष्कळ वर्षं दुसरं काही सांगत आलो. आता काय सांगायचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांचं नाव आमच्यात कुणाला ठाऊक नाही. नाव नसलं तरी पुण्य पोचतं का, भंते?"

"तुमचे ज्ञाती असतील तर पोचतं," भंते म्हणाले.

"आहेत," धम्मानंद म्हणाला, आणि बसला.

मांडवात कुजबुज झाली. काहींना वाटलं, मास्तर रूपक करून बोलतायत. एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली आणि एकट्यानंच वाजवली म्हणून थांबवली. कडूबाई बायकांत बसल्या होत्या. तिघं एकाच वेलाचे, हे शब्द त्यांनी नीट ऐकलेले पंचफुलेनं पाहिले. कडूबाईंनी तिच्याकडं बघून हळूच मान हलवली. कुंडलिकराव बालाजीकडं वाकले आणि त्यांनी काहीतरी विचारलं. बालाजीनं दिलेलं उत्तर पंचफुलेनं आपल्या कानांनी ऐकलं, "आमचा खापरपणजा, साहेब. परदेशातून आल्ते ते." त्याचा आवाज घाबरलेला होता, पण शेवटच्या वाक्याला तो थोडा वर गेला, आणि तो वर का गेला, हे बालाजीलाही कळलं नसावं.

कुंडलिकराव त्या दिवशी फार बोलले नाहीत. खीर जेवले, सुलाबाईच्या पाया पडले आणि कळवतो म्हणून गेले. त्यांच्या बायकोनं नीलमशी बोलणंही टाळलं. पुढं आठवड्यानं त्यांच्या मुलाचाच फोन आला, आणि तो बालाजीला नव्हता, नीलमला होता. पण ते सगळं पुढचं.

त्या वेळी मांडवात भंते पुण्यानुमोदनाच्या गाथा म्हणत होते आणि सगळ्यांनी हात जोडले होते. पंचफुलेनंही जोडले. तिनं त्या माणसाला डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला, पण तिला काहीच दिसेना, रंगही नाही, चेहराही नाही. शेजारी सुलाबाई चुळबुळ करत होती. तिनं लेकीच्या पदराला धरून ओढलं. पंचफुलेनं कान पुढं केला.

"फुला," म्हातारी म्हणाली, "त्याच्या मायला कळलं आसंल का गं, त्यो कुटं गेला ते?"